न तपासलेला डिस्ट्रिब्युटर

त्याची शाळा नववीतच सुटली होती, तरी गॅरेजच्या गल्लीत सगळे त्याला ‘डिग्री मास्तर’ म्हणत. कारण साधं होतं. इंजिनात ठिणगी किती डिग्री आधी पडायला हवी, हे त्याच्याइतकं अचूक कुणाला जमत नसे. गिऱ्हाइकानं गाडी दारात उभी करून नुसतं म्हणायचं, ‘‘मास्तर, चढावर दम टाकते,’’ की हा बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटर इतकासा फिरवी, आणि दम टाकणारी गाडी तरण्या घोड्यासारखी निघे. लोक म्हणत, ‘‘कागदावरची डिग्री असलेले पुष्कळ पाहिले, कामाची ह्याच्याकडेच आहे.’’ तो हसून हात पुसायचा. पण ऐकायला आवडायचं त्याला, खोटं कशाला बोला?

त्याची धाकटी बहीण शाळेची बस चालवायची. सकाळी चाळीस पोरं शाळेत पोचवायची, दुपारी चाळीस पोरं घरी आणायची, आणि वर्षातून चार-पाच वेळा डोंगरावरच्या शर्यतीत उतरायची. पायथ्यापासून माथ्यापर्यंत वळणावळणाचा रस्ता, एकेक गाडी सोडायची, ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला. तिची गाडी जुनी, चार सिलिंडरची. पण भावानं इंजिन असं बांधून दिलं होतं की नव्या गाड्यांच्या तोंडाला फेस यायचा. भाऊ बांधणार, बहीण चालवणार, असं आठ वर्षं चाललं होतं. दोन वेळा ती पहिली आली होती. आई दोन्ही चषकांत कोथिंबीर लावायची आणि विचारलं की म्हणायची, ‘‘नुसती धूळ खाण्यापेक्षा बरं.’’

तर त्या वर्षी शर्यतीला तीन आठवडे राहिले असताना डिस्ट्रिब्युटरनं त्रास द्यायला सुरुवात केली. प्रत्येक सिलिंडरला त्याच्या त्याच्या क्षणाला ठिणगी वाटून देणारा तो हाताएवढा पार्ट. त्याच्या आतल्या दांड्याला धरून ठेवणारं बुश झिजलं होतं. दांडा डुगडुगायचा आणि ठिणगी कधी वेळेवर, कधी उशिरा पडायची.

‘‘बुश बदल, स्प्रिंगा बदल आणि हाच लाव,’’ बहीण म्हणाली. ‘‘गाडीच्या कंपनीचाच राहू दे. मला ह्याची सवय आहे दादा. खालच्या वेगाला थोडा मंद आहे, पण वरच्या वेगाला कधी दगा देत नाही.’’

‘‘अगं, जमाना कुठे गेला!’’ मास्तर म्हणाला. ‘‘बाहेरचा बसवू. त्यात घासणारे पॉइंट नाहीत, झिजायला काही नाही. वरच्या वेगाला ठिणगी बघ कशी पडते, लखलखीत. दोन सेकंद तर असेच वाचतील.’’

‘‘तुला खात्री आहे?’’

‘‘मी सांगतोय ना.’’

आता तो जे म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं. बाहेरच्या कंपनीचा डिस्ट्रिब्युटर खरंच चांगला होता. पण तो बसवायची घाई मास्तरला का झाली होती, हे त्यानं बहिणीला सांगितलं नाही. गल्लीच्या तोंडाशी गाड्यांच्या पार्टचं नवं दुकान उघडणार होतं. दुकानदारानं मास्तरला घोळात घेतलं होतं. ‘‘मास्तर, शर्यतीच्या गाडीत आमचा पार्ट तुमच्या हातानं बसला पाहिजे. उद्घाटनाला तुम्ही स्टेजवर. तुमच्या गॅरेजवर आमचा बोर्ड, त्यावर तुमचं नाव.’’ आयुष्यभर लोकांच्या गाड्यांखाली पाठ टेकून पडलेल्या माणसाला स्टेजवरच्या खुर्चीचं काय वाटतं, ते ज्याला खुर्ची मिळत नाही त्यालाच कळतं. मास्तर विरघळला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी त्यानं नवा डिस्ट्रिब्युटर गाडीत बसवला. टायमिंग लाइट धरून बसल्या वेगाची, म्हणजे गाडी उभी असतानाची, खूण नेमकी जुळवली. इंजिन एकदोनदा उठवलं. आवाज असा आला की शेजारचा पंक्चरवाला टायर सोडून बघायला आला.

एकच काम राहिलं होतं. इंजिनाचा वेग वाढतो तशी ठिणगी आणखी आणखी आधी पडावी लागते, आणि ते काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा करतात. स्प्रिंग नरम असेल तर ठिणगी फारच आधी पडते. मग पिस्टन वर येत असतानाच वर स्फोट होतो, आणि समोरासमोर टक्कर झाल्यासारखा सगळा मार पिस्टनवर बसतो. म्हणून नवा डिस्ट्रिब्युटर आधी टेस्टरवर लावायचा, पूर्ण वेगाला फिरवून किती डिग्री येतात ते पाहायचं आणि मगच गाडीत घालायचा. मास्तरचा हा रोजचा पाठ होता. टेस्टर त्याच्या गॅरेजच्या कोपऱ्यात, खिडकीखाली होता. खोक्यात पार्टाबरोबर एक पाकीट आलं होतं, त्यात जरा कडक स्प्रिंगांच्या दोन जोड्याही होत्या.

काम अर्ध्या तासाचं. पण दहाला स्टेजवर जायचं होतं, साडेनऊ झाले होते आणि इस्त्रीचा शर्ट घरी होता. त्यानं पाकीट खणात टाकलं आणि बॉनेट लावलं.

दुपारी बहीण गाडी न्यायला आली. मास्तरच्या खिशाला अजून उद्घाटनाचं कागदी फूल होतं.

‘‘टेस्टरवर लावून बघितलास ना?’’ तिनं विचारलं.

‘‘हो तर,’’ तो म्हणाला.

इतकंच.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव होता. सरावानंतर तिचा फोन आला. ‘‘दादा, तिसऱ्या वळणानंतर पूर्ण दाबली की बारीक आवाज येतो. डब्यात खडे हलवावेत तसा.’’

मास्तरच्या मनात पाल चुकचुकली. तो आवाज कशाचा असतो हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण आता ‘काढून आण, तपासतो’ म्हणायचं म्हणजे ‘तपासलं नव्हतं’ हे कबूल करायचं. शिवाय बोर्ड लागून पुरते आठ दिवसही झाले नव्हते.

‘‘नवा पार्ट आहे,’’ तो म्हणाला. ‘‘आणि हेल्मेटमध्ये काहीही ऐकू येतं. बिनधास्त चालव.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. आठ वर्षांत तिनं त्याचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाचव्या वळणाआधी तिनं चौथ्यातून तिसरा गिअर टाकला आणि त्याच क्षणी इंजिन जाम झालं. पिस्टन वितळून सिलिंडरमध्ये चिकटला होता. मागची चाकं लॉक झाली, गाडी आडवी झाली आणि टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली. पायथ्याशी उभ्या असलेल्या मास्तरला आधी धूर दिसला. तो धावत वर गेला तेव्हा दोघांनी तिला बाहेर काढलं होतं. डावं मनगट आणि कॉलरबोन मोडलं होतं. त्याला बघून ती पहिलं काय बोलली असेल? ‘‘दादा, माझ्या हातून चुकीचा गिअर पडला वाटतं.’’

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तो नुसतं तिचं हेल्मेट उचलून मागे चालत राहिला.

दोन दिवसांनी त्यानं गॅरेजचं शटर आतून ओढून घेतलं आणि इंजिन उघडलं. पिस्टनच्या डोक्याला भोक पडलं होतं, मेणबत्तीनं मेण वितळावं तसं, बोट जाईल एवढं. व्हॉल्व्ह सगळे सरळ. चुकीचा गिअर पडून इंजिन वाजवीपेक्षा जास्त फिरलं असतं तर आधी व्हॉल्व्ह वाकले असते. त्यानं डिस्ट्रिब्युटर काढून टेस्टरवर लावला. बत्तीसच्या जागी अडतीस डिग्री. अर्ध्या तासाचं ते काम आता शांतपणे, वेळ काढून, नीट झालं. त्यानं पिस्टन फडक्यात गुंडाळला, डिस्ट्रिब्युटर आणि स्प्रिंगांचं पाकीट त्याच्याबरोबर ठेवलं आणि लोखंडी कपाटात सगळ्यात खाली सारलं.

शर्यत भरवणाऱ्या क्लबानं चौकशी ठेवली. तिघंजण टेबलापलीकडे बसले होते. बहीण हात गळ्यात बांधून बसली होती. ती म्हणाली, ‘‘तिसऱ्याऐवजी पहिला पडला असावा. हात बाजूला गेला असेल. मला नीट आठवत नाही.’’

सेक्रेटरीनं मास्तरकडे पाहिलं. ‘‘इंजिन तुम्ही उघडलंत. तुम्हाला काय वाटतं?’’

मास्तर टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, ‘‘वाजवीपेक्षा जास्त फिरलंय, असं वाटतं.’’

अहवालात लिहिलं गेलं : चालकाची चूक.

हाडं सहा आठवड्यांत जुळली. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण प्लास्टर काढल्याच्या दुसऱ्या दिवशी बहीण शाळेत गेली आणि बस सोडत असल्याचं सांगून आली. मुख्याध्यापिका समजावून थकल्या. ‘‘चाळीस पोरं मागे बसलेली असतात, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘माझा हात कुठे जातो ते मलाच कळत नसेल तर मी कुणाच्या जिवावर चालवू?’’ शाळेनं तिला वाहतुकीच्या खोलीत बसवलं. कुठली बस किती वाजता सुटली, कोण पोरगं आलं नाही, ते वहीत मांडायचं. बसची पोरं खिडकीतून हात करायची, ‘‘ताई, उद्या येणार ना?’’ ती मान हलवायची. ती मान हो म्हणतेय की नाही, कुणाला कळत नसे.

मास्तर इकडे दिवसातून दहा वेळा स्वतःला समजावत होता. हाड जुळलं ना? जीव वाचला ना? शर्यत काय, पुढच्या वर्षी. एक दिवस तो दुकानदाराकडे गेला आणि ‘बोर्ड काढ’ म्हणाला. कारण विचारल्यावर ‘वारा लागून खडखडतो’ असं सांगून मोकळा झाला. दुकानदारानं चार खिळे जास्त ठोकून दिले. मास्तरला जाता-येता त्या बोर्डाखालून वाकल्यासारखं जावं लागे. बायको म्हणाली, ‘‘अन्न अंगी लागत नाही तुमच्या, डॉक्टरला दाखवा.’’ डॉक्टरला काय दाखवणार? कपाट?

आईकडे जायचं त्यानं कमी केलं होतं. ‘काम आहे’ म्हणायचा. वर्ष होत आलं तेव्हा आईचाच फोन आला. ‘‘तू एकदा येऊन जा. धाकटीचं मला काही ठीक दिसत नाही. भाजी चिरता चिरता थांबते आणि हात हवेत पुढे-मागे करते. विचारलं की म्हणते, काही नाही.’’

तो रविवारी सकाळी गेला. आई बाजारात गेली होती. बहीण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, समोर भाजीचा अर्धा निवडलेला पाला. तिची पाठ दाराकडे होती. तिनं पाल्यातून हात काढला, हवेत मूठ केली, आणि सरळ पुढे नेली. परत मागे घेतली. परत पुढे.

‘‘काय करतेस गं?’’

ती दचकली. मग, आता लपवण्यात अर्थ नाही असं वाटून असेल, म्हणाली, ‘‘चौथ्यातून तिसरा. सरळ पुढे जातो हात. शंभरदा करून बघते दादा, शंभर वेळा सरळच जातो. मग त्या दिवशीच कसा वाकडा गेला? मला तेवढं कळलं ना, तर मी पुन्हा बसवर बसेन. पण जे कळलंच नाही ते सुधारायचं कसं?’’

मास्तर खुर्चीवर बसला.

‘‘तुझा हात सरळच गेला होता,’’ तो म्हणाला.

‘‘माझं मन राखू नकोस.’’

‘‘मन राखत नाही. ऐक. डिस्ट्रिब्युटर मी टेस्टरवर लावलाच नव्हता. तुला खोटं सांगितलं. स्प्रिंगा नरम होत्या, सहा डिग्री जास्त येत होत्या. पिस्टन जळाला. तू गिअर टाकलास तेव्हा तो चिकटायचाच होता. तू काही केलं असतंस तरी चिकटला असता.’’

तिनं मूठ सोडली आणि हात टेबलावर ठेवला.

‘‘तुला कधी कळलं?’’

‘‘इंजिन उघडलं तेव्हा.’’

‘‘म्हणजे दोन दिवसांनी.’’

‘‘हो.’’ मग तो म्हणाला, ‘‘खरं तर तू फोन केलास तेव्हाच. खड्यांचा आवाज म्हणालीस तेव्हा.’’

तिनं पाला बाजूला सारला. ‘‘पिस्टन आहे?’’

‘‘आहे.’’

‘‘चल.’’

दोघं चालत गॅरेजला गेली. त्यानं कपाट उघडून फडक्यातला पिस्टन तिच्या हातात दिला. तिनं भोकात बोट घातलं, पलीकडून बाहेर आलेलं बोट पाहिलं. ‘‘व्हॉल्व्ह?’’ तिनं विचारलं. ‘‘सरळ होते,’’ तो म्हणाला. मग तिनं ते पाकीट पाहिलं. न फोडलेलं. त्यातल्या कडक स्प्रिंगा वरूनच बोटांनी चाचपल्या.

‘‘हाडाचं काही नाही, दादा,’’ ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मास्तरला जास्त भीती वाटली. ‘‘हाड मोडतं, जुळतं. पण तू समोर बसला होतास. मी त्या तिघांसमोर म्हणत होते, माझा हात चुकला, आणि तू समोर बसून ऐकत होतास. वर्षभर मी माझ्या हाताकडे परक्याचा हात असल्यासारखं बघतेय. तुला एकदाही वाटलं नाही की सांगावं?’’

‘‘रोज वाटलं.’’

‘‘मग?’’

लाज वाटली म्हणावं, तर लाज वाटणाऱ्या माणसानं सांगितलं असतं. त्यानं कपाटाचं दार लावलं. ती पिस्टन घेऊन निघाली. दारात थांबून म्हणाली, ‘‘हे आता तू क्लबात जाऊन सांगायचंस. माझ्यासमोर नाही. मला तिथे बसून पुन्हा बघवणार नाही.’’

तो गेला. सेक्रेटरीला वाटलं, नव्या शर्यतीचं काही विचारायला आलाय. मास्तरनं डिस्ट्रिब्युटर टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, स्टेजवरच्या खुर्चीसकट. खुर्चीचा उल्लेख टाळता आला असता, पण त्यानं टाळला नाही. ‘‘ह्यात पार्टाचा दोष नाही,’’ तो म्हणाला. ‘‘त्यांनी कडक स्प्रिंगा दिल्या होत्या. दोष माझा.’’ सेक्रेटरीनं पेनाचं टोपण काढून सगळं लिहून घेतलं. मग दुसऱ्या दिवशी तिघंही गॅरेजवर आले. मास्तरनं त्यांच्यासमोर डिस्ट्रिब्युटर टेस्टरवर फिरवला. काटा अडतीसवर जाऊन थांबला. त्यांतला एक जण मास्तरचा पंधरा वर्षांचा गिऱ्हाईक होता. पुढच्या महिन्यात त्याची गाडी दुसऱ्या गॅरेजात उभी दिसली.

अहवाल दुरुस्त झाला. नवा कागद क्लबाच्या भिंतीवर लागला, आणि त्यात ‘चालकाची चूक नाही’ असं लिहून खाली मास्तरचं नाव होतं. गल्लीत बातमी पसरायला एक दुपार पुरली. काही गिऱ्हाइकं गेली, काही राहिली. राहिलेल्यांपैकी काहींनी पाठीवर थाप मारून म्हटलं, ‘‘मास्तर, कबूल करायला छाती लागते.’’ त्या शाबासकीनं त्याला जास्त अवघडल्यासारखं झालं. छाती असती तर वर्ष कशाला लागलं असतं? दुकानदारानं बोर्ड स्वतःच येऊन काढून नेला.

बहिणीनं तो कागद मुख्याध्यापिकांना दाखवला, पुन्हा चालकाची चाचणी दिली आणि नव्या सत्रापासून बसवर बसली. पहिल्या दिवशी पोरांनी इतका गोंगाट केला की तिनं बस थांबवून दटावलं, असं आईनं सांगितलं. तिच्या तोंडून त्याला काही कळलं नाही.

एक दिवस ती गॅरेजवर आली. आत आली नाही, उंबऱ्याशी उभी राहिली.

‘‘मी गाडी पुन्हा बांधतेय. स्टँडमागच्या गॅरेजात दिली आहे. कंपनीचाच डिस्ट्रिब्युटर लावणार, नवं बुश घालून. मला आकडे हवेत. कुठल्या वेगाला किती डिग्री.’’

मास्तरनं कागद घेतला. टेबलावर टेकून लिहिलं. बसल्या वेगाला दहा, मधल्या वेगाला चोवीस, वर बत्तीस, त्यापुढे एकही नाही. कोणती स्प्रिंग, कोणतं वजन.

‘‘सही कर,’’ ती म्हणाली.

त्यानं सही केली.

‘‘मी हे दुसरीकडे तपासून घेणार आहे.’’

‘‘घे,’’ तो म्हणाला. ‘‘घ्यायलाच हवंस.’’

ती कागदाची घडी करत म्हणाली, ‘‘बाहेरचा लावलास तो तपासून लावला असतास, तर मी जिंकलेही असते कदाचित. मला त्या पार्टाचा राग नाही.’’ आणि गेली.

त्या मोसमात ती चौथी आली. मास्तर डोंगरावर गेला नव्हता. जावं की न जावं ह्यात सकाळ गेली आणि मग शर्यतच संपली. स्टँडमागच्या गॅरेजवाल्यानं रस्त्यात भेटून सांगितलं, ‘‘तुमचे आकडे एकदम बरोबर निघाले हो.’’ मास्तरला क्षणभर बरं वाटलं. आणि बरं वाटलं ह्याचीच लाज वाटून तो ‘हां, हां’ करत पुढे निघाला.

आता आईच्या हट्टानं दोघं महिन्यातून एका रविवारी एकत्र जेवतात. ती त्याला दादाच म्हणते. बसच्या, पोरांच्या, उखडलेल्या रस्त्याच्या गोष्टी सांगते. गाडीचा विषय निघत नाही. मागच्या रविवारी त्यानं पंक्चरवाल्याची नक्कल केली. दोन्ही हातांत टायर धरून तो गिऱ्हाइकाशी तत्त्वज्ञान कसं बोलतो, त्याची. बहीण खळखळून हसली, पूर्वी हसायची तशी, डोळे मिटून. मग मध्येच तिला काहीतरी आठवलं असावं. हसू ओठांवर होतं तिथेच थांबलं आणि तिनं ताटाकडे बघितलं.

मास्तरनं ते पाहिलं. आई म्हणाली, ‘‘वाढू का कुणाला?’’

‘‘तिला वाढ,’’ तो म्हणाला, आणि भांडं तिच्याकडे सरकवलं.